सात बंदरं आणि एक होडी

वेसावे,
१४ जानेवारी २०२४

कृणाल,

तुझा कालचा व्हिडिओ बघितला. आधी एक सांग, तू एवढा ओरडतोस कशाला? समोर माईक असताना? मी जन्मभर बाजारात ओरडले, पण माझ्याकडे माईक नव्हता. तुझे चंदूकाका आतल्या खोलीतून धावत आले, त्यांना वाटलं पोराला शॉक लागला.

मेलवर लिहितेय कारण घरच्या ग्रुपवर काही टाकलं की तुझ्या बापाचा लगेच फोन येतो. आणि हे मी टाइप करत नाही हां, मी बोलते आणि फोन लिहितो. मध्येच काही भलतं उमटलं तर समजून घे.

आता कामाचं. तो 'सात बंदरं' गेम. आमचा नितेश बोटीवर नोकरीला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला. तेव्हापासून दुपारची झोप सोडून मी हे लढाईचे गेम खेळतेय. रोमन लोकांचं राज्य मी दोनदा बुडवलं, एकदा वाचवलं. चीनच्या भिंतीला भोक पाडलं. पण आपला किनारा, आपली गलबतं, आपल्या खाड्या, असा गेम कुणी केला नव्हता. स्वतःच्या समुद्रात हरायची संधी मला अजून कुणी दिली नव्हती बघ.

तू म्हणतोस, 'मी स्वतः खेळलोय, मित्रांनो.' मग सांग. वारा समोरून असला तर गलबत वळतं कसं? ओहोटीला खाडीत शिरलं तर रुततं का? शत्रू डोकं लावून येतो की म्हशीसारखा सरळ चालत येतो? अगो सुरमई सांगितली ती सुरमईच हाय, हात नको लावू, घ्यायची तर घे. हे गिऱ्हाइकाला बोलले, तेपण फोनने लिहिलं. पुसायचं कसं माहीत नाही.

गेम अजून बनायचाय आणि पैसे आधी भरायचे, हे लोकवर्गणीचं मला नवीन. गणपतीच्या वर्गणीला निदान पावती आणि प्रसाद मिळतो. मालन, जी माझ्या शेजारी बसून मासे विकते, तिचा नातू तुझा भक्त आहे, म्हणून तीपण भरू का विचारतेय. तू सांगशील तसं.

तुझी
सुलक्षणा आत्या

*

मुलुंड,
१६ जानेवारी २०२४

आत्या,

तू म्हणजे कहर आहेस यार. तुझा मेल वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो.

ओरडण्याचं असं आहे, पहिल्या तीन सेकंदांत ओरडलं नाही तर लोकांचा अंगठा पुढे सरकतो. तुझ्याकडे निदान पापलेट होतं दाखवायला. माझ्याकडे फक्त माझं तोंड आहे.

तुझे प्रश्न. वारा आहे, ओहोटी आहे, सगळं आहे. जास्त सांगता येत नाही, मी कागदावर सही करून दिलीय. शत्रू डोकं लावतो ना, फुल डोकं! ग्राफिक्स बघशील तर चहा गार होईल. बिनधास्त भर. मालनमावशीलाही सांग.

गेम करणारी कंपनी तुमच्याच अंधेरीत आहे, ईस्टला. 'गलबत गेम्स'. विपुल म्हणून एकजण चालवतो, आधी जाहिरातींच्या फिल्म करायचा. एकदम भारी माणूस.

आणि ऐक. तू माझ्या चॅनलवर ये. तू गेम खेळायचास आणि खेळताना रोमन सैन्याला जशा शिव्या घालतेस तशाच घालायच्या. टायटल: 'कोळीण आत्या साम्राज्य बुडवते'. हसू नकोस, मी सीरियस आहे.

पप्पांना यातलं काही बोलू नकोस. त्यांच्या मते मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतोय.

कृणाल

*

वेसावे,
१० मार्च २०२४

कृणाल,

पोरा, तू हे काय करून ठेवलंस! तुझ्या चॅनलवर एकदा बसले काय, आता मासे घ्यायला लोक कमी आणि फोटो काढायला जास्त येतात. परवा एका पोराने मला 'सेनापती' म्हणून हाक मारली आणि बोंबील न घेताच गेला.

तुझ्या त्या विपुलचा फोन आला होता. गाडी पाठवली, ऑफिसात नेलं, सगळ्यांसमोर पाया पडला. म्हणाला, आत्या, आमच्या गेमचा चेहरा तुम्हीच. मी म्हटलं, चेहरा घे, पण त्याला मिशी लावू नकोस.

मग धक्क्यावर शूटिंग झालं. वर उडणारा कॅमेरा, छत्र्या धरणारी माणसं. मला सॅटिनचं लुगडं नेसवलं, असं चकचकीत की आमच्या आळीत लग्नातसुद्धा कुणी नेसत नाही. हातात प्लास्टिकचं पापलेट दिलं. मी म्हटलं, अरे खरं आहे की टोपलीत. तर म्हणे, खरं पापलेट कॅमेऱ्यात खोटं दिसतं. बोलायचं काय तेही लिहून आणलं होतं. मी छान बोलले म्हणे.

पण एक विचारायचंय. ऑफिसात मी म्हटलं, खेळून दाखवा की. त्यांनी लॅपटॉप पुढे केला. गलबतं चालत होती, तोफा उडत होत्या, झकास. मी बटणं दाबली तर काही होईना. डावीकडे म्हटलं तरी गलबत आपलं सरळ. विपुल म्हणाला, आत्या, आधी नुसतं बघा.

तू खेळलायस. तुझ्याकडे बटणं चालली होती ना?

आत्या

*

मुलुंड,
१३ मार्च २०२४

आत्या,

अगं कीबोर्ड खराब असेल त्यांचा. ऑफिसातल्या मशीन अशाच असतात. माझ्याकडे व्यवस्थित चाललं. टेन्शन घेऊ नकोस.

तुझी ती धक्क्यावरची फिल्म बघितली. माझ्या सगळ्या व्हिडिओंना मिळून जेवढे लोक आले नाहीत तेवढे तुझ्या पापलेटला आले. अभिनंदन. काल एकाने मला कमेंट टाकली, 'भाऊ, तुम्ही आत्यांचे भाचे ना?' मला वाटलं होतं जग उलट चालेल.

कामात आहे. नंतर लिहितो.

कृणाल

*

वेसावे,
२६ मे २०२४

कृणाल,

तुझं 'नंतर' कधी येतं बघत बसले होते. शेवटी मीच लिहिते. आणि आत्याचा तू भाचा लागतोस हे त्या माणसाला बरोबर कळलं, भाऊ, तुला अजून कळायचंय.

वर्गणी पूर्ण झाली! ठरवली होती त्याहून वर गेली. मालनने भरले, आमच्या आळीतल्या जानकीने भरले, तिचा गेममध्ये जीव नाही पण तुला आरमारात बघायचंय म्हणाली. कुठल्या कुठल्या गावांतून पोरांचे मेसेज येतात. 'मी खेळले, आता तुम्ही खेळा', हे माझं फिल्ममधलं वाक्य लोकांनी उचलून धरलंय. बाजारात मुलं मला बघून तेच ओरडतात.

एकाने खाली लिहिलं होतं, हा सगळा बनाव आहे, गेम वगैरे काही नाही. त्याला मी अशी काही सुनावली की त्याने खातंच बंद केलं. शब्द इथे सांगत नाही, फोनसुद्धा ते लिहायला लाजला, चांदण्या टाकल्या त्याने.

तू मात्र या गेमवर हल्ली काही बोलत नाहीस. काय झालं? माझा एवढा राग येतो का तुला?

आत्या

*

वेसावे,
११ नोव्हेंबर २०२४

कृणाल,

दिवाळीला येणार होता तो गेम आलाच नाही. काल त्यांच्या पानावर चार ओळी आल्या. प्रवास इथे थांबतोय, तुमच्या प्रेमाबद्दल आभार. बस.

सकाळी बाजारात दोन पोरं आली, मोबाइल माझ्या तोंडाजवळ धरून म्हणाली, आत्या, आमचे पैसे कुठायत, एकदा कॅमेऱ्यात बघून सांगा. गिऱ्हाइकं उठून गेली. मालनने टोपली उचलली आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसली. आमची लग्नं एका मांडवात झालीत.

मी विपुलला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. रडत होता मेला. त्याला म्हटलं, निदान माझा भाचा खेळला होता तेवढा तरी लोकांना दे. तर म्हणाला, कृणाल? कृणालला आम्ही तुम्हाला दाखवला तोच व्हिडिओ दाखवला होता.

मला लांबलचक उत्तर नको. खेळलास की नाही?

सुलक्षणा

*

मुलुंड,
१२ नोव्हेंबर २०२४

आत्या,

नाही.

नुसता व्हिडिओ बघितला होता. त्यांनी पैसे दिले आणि सगळेच 'मी खेळलो' म्हणत होते, मीपण म्हटलं. मला वाटलं, आज नाही तर उद्या खेळेनच, वाक्य थोडं आधी बोललो एवढंच. मार्चमध्ये तू विचारलंस तेव्हा सांगू शकलो असतो. पण तोवर तू माझ्यापेक्षा मोठी झाली होतीस, आणि खरं सांगू, आतून वाटलं, पडू दे हिला थोडी. हे लिहिताना मला स्वतःची किळस येतेय.

माफीचा व्हिडिओ रेकॉर्ड करून ठेवलाय. तू म्हणशील तेव्हा टाकतो. तू म्हणशील तर फोन करतो. तू म्हणशील तर करत नाही.

कृणाल

*

वेसावे,
१७ नोव्हेंबर २०२४

कृणाल,

तू पाठवलेला तो माफीचा व्हिडिओ बघितला. काळा टी-शर्ट, अंधारी खोली, उसासा, मागे व्हायोलिन. अरे, कोण मेलं? पहिलं काम, तो डिलीट कर. हे वाचून झाल्यावर नाही, आधी.

माझा राग गेलेला नाही. पण रागावून घरी बसले तर रोजची गिऱ्हाइकंपण जातील. म्हणून मी उठले, पलीकडच्या रांगेत मालनकडे गेले आणि म्हटलं, चल अंधेरी ईस्टला. ती उठली. येताना टोपलीतला कोयता तिच्या हातातच राहिला. मुद्दाम की विसरून, ते मी विचारलं नाही.

ऑफिसात खुर्च्या विकायला काढल्या होत्या. विपुल दाढी वाढवून बसला होता. मालनने कोयता टेबलावर ठेवला आणि विचारलं, पैसे खाल्लेस? पोरा, त्याने पळवले असते तर बरं झालं असतं, शिव्या घालायला सोपं गेलं असतं. पळवले नाहीत, उडवले. अर्धे त्या उडत्या कॅमेऱ्यात आणि माझ्या लुगड्यात, वांद्र्याला पार्टी केली त्यात, तुझ्यासारख्या ओरडणाऱ्यांना वाटण्यात. गेम करायला ठेवलं काय, तर एक मुलगी.

प्रांजल तिचं नाव, वाकोल्याची. कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून बसली होती. पगार थांबून किती दिवस झाले होते तरी येत होती. का, तर म्हणाली, लाट अजून नीट फुटत नाहीये. तिने दाखवलं. कृणाल, समुद्र आहे! भरती येते, उतरते, वारा फिरला की पाण्याचा रंग बदलतो. बंदरं नाहीत, सैन्य नाही, तोफा नाहीत, ते फिल्ममधलं सगळं नुसतं चित्र होतं. फक्त पाणी आणि एक होडी. पण ती होडी चालते.

मालनला बसवलं. ती म्हणाली, मना नाय येत. मग धरलं सुकाणू, म्हणजे माऊस, आणि होडी सरळ खडकावर घातली. बुडाली. पुन्हा घेतली, पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळेला ती हसली. मी पण. विपुलपण हसायला लागला तर मालनने कोयत्याकडे बघितलं, मग थांबला. हे जेवढं आहे तेवढं लोकांना फुकट देऊन टाकतो, असं त्याने लिहून दिलं.

तू पुढच्या रविवारी दुपारी बाजारात ये. कॅमेरा घेऊन. रंगीत शर्ट घालून. लोकांना बोलाव, सगळ्यांसमोर सांग काय झालं ते. व्हायोलिन आणलंस तर मालन आहेच.

आत्या

*

मुलुंड,
२९ नोव्हेंबर २०२४

आत्या,

रविवारपासून रोज लिहायला बसतोय आणि उठतोय.

मी भाषण पाठ करून आलो होतो. तुझ्या टोपल्यांमागे उभा राहिलो, लाइव्ह सुरू केलं, लोक जमले, कमेंटमध्ये शिव्यांचा पाऊस सुरू झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू मला कोपराने बाजूला सारलंस आणि म्हणालीस, 'आधी माझं ऐका. फिल्ममध्ये मी म्हटलं, मी खेळले. मी खेळले नव्हते. मी बटणं दाबली होती, काही झालं नव्हतं, आणि तरी म्हटलं.'

माझं पाठ केलेलं सगळं उडालं. तू कळून-सवरून म्हणालीस हे मला माहीतच नव्हतं, आत्या. मला वाटलं होतं तू माझ्यामुळे फसलीस. आणि मग मालनमावशी पलीकडच्या रांगेतून ओरडली, 'हिला सवयच हाय! कालचं पापलेट आजचं म्हणून विकते!' सगळा बाजार हसला. तू चिडून तिला म्हणालीस, 'कधी विकलं गो? सांग कधी विकलं!' आणि तुमचं जे भांडण सुरू झालं त्यात माझं ऐकायला कुणी उरलंच नाही. भांडण संपल्यावर मी चार वाक्यं बोललो. मी पण नव्हतो खेळलो. पैसे घेतले होते. मिळालेले देऊन टाकतोय. सॉरी. व्हायोलिनशिवाय ते फार छोटं निघालं.

पैसे देऊन टाकले. संपले. सगळ्यांना पुरले नाहीत, ज्यांना मिळाले नाहीत त्यांच्या शिव्या चालू आहेत, त्या मी वाचतो. चॅनलवरचे निम्मे लोक गेले. उरलेल्यांतले बरेच बहुतेक मी अजून कुठे आपटतो ते बघायला थांबलेत.

प्रांजलची होडी लोकांनी घेतली. बरेच वैतागले, 'याच्यासाठी पैसे दिले?' बरोबरच आहे त्यांचं. पण एकाने लिहिलंय, मी नाशिकला असतो, ऑफिसातून आलो की अर्धा तास होडी चालवतो, कुठे जात नाही, नुसती चालवतो.

पप्पांना बँकेच्या परीक्षेचं सांगितलं. ते म्हणाले, मला पहिल्यापासून माहीत होतं, अभ्यास करणारा पोरगा दार लावून एवढा ओरडत नाही. घाटकोपरला एका क्लासच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम मिळालंय. सर हळू बोलतात, फार हळू, मला झोप येते.

तू का म्हणालीस तेव्हा, की खेळले? आणि मला माफ केलंस का? दोन्हींपैकी एकाचं तरी उत्तर दे.

कृणाल

*

वेसावे,
८ डिसेंबर २०२४

कृणाल,

का म्हणाले ते सांगते. चंदूकाकांना पण सांगितलं नाही अजून, आणि त्यांनी कानोसा घ्यायला आत येऊ नये म्हणून हे हळू बोलतेय, फोनने नीट लिहिलं असेल अशी आशा.

माझ्याशी बाजारात जो बोलला तो भाव विचारायलाच बोलला. चांगली माणसं, वाईट माणसं, सगळी. त्यांचं चुकत नाही, मी तिथे त्यासाठीच बसते. विपुलने मला खुर्ची दिली आणि विचारलं, आत्या, लढाईत तुम्ही आधी काय कराल? मी बोलत होते आणि चार पोरं लिहून घेत होती. ते कागद त्यांनी पुढे फेकले असतील, पण त्या दिवशी लिहून घेत होती. मग त्यांनी वाक्य पुढे केलं, हे म्हणाल का? बटणं चालत नव्हती हे मला कळलं होतं. पण नाही म्हणणं म्हणजे मुका घ्यायला आलेल्या पोराच्या तोंडापुढे बोंबील धरल्यासारखं झालं असतं, जिवावर आलं. आणि तुला पत्रात विचारलं ते उत्तर मिळावं म्हणून नाही रे. तू 'चालतात' म्हणावंस म्हणून. तू म्हणालास. मग मी पण निवांत झोपले.

तेव्हा तू माझी किळस करून घेऊ नकोस आणि स्वतःचीही फार करून घेऊ नकोस, तिचाही एक माज होतो.

माफीचं म्हणशील तर अजून नाही. 'पडू दे हिला' हे वाक्य माझ्या पोटात आहे. ते पचायला वेळ लागेल, पण मी जड खाल्लेलं पण पचवते. तू येत राहा. न येता माफ होत नाही कुणी.

बाकी ठीक. मालन अजून पलीकडच्याच रांगेत बसते, म्हणते इथे गिऱ्हाईक जास्त आहे. दुपारी मात्र जेवण घेऊन इकडे येते. एका कंपनीचा माणूस आला होता, गुडघ्याच्या तेलाची जाहिरात कराल का म्हणून. मी म्हटलं, बाटली ठेवून जा, गुडघा बरा झाला तर फोन करते. ठेवून नाही गेला.

प्रांजल दुसरीकडे नोकरीला लागली, पण रविवारी नितेशच्या कॉम्प्युटरवर येऊन बसते. माझ्याकडून भरतीची चौकशी करते आणि जेवून जाते. तिने आता गलबत केलंय, खरंखुरं, शीड आहे, तोफ आहे, तोफ उडते. त्याचा व्हिडिओ तूच कर असं आम्ही दोघींनी ठरवलंय. पैसे मिळणार नाहीत, तळलेली मांदेली मिळतील.

फक्त एक. ते गलबत अजून डावीकडे वळत नाही. उजवीकडे वळतं, सरळ जातं, डावीकडे म्हटलं की ढिम्म. व्हिडिओत पहिलं वाक्य तेच घे. हवं तर ओरडून सांग.

आत्या